बाभळीचा लेप आणि खंडेनवमी

भवानी पेठेतल्या चन्नप्पा यंत्रमागवाल्यांची महेश्वरी हट्टी आहे, हे आमच्या गल्लीला ती शाळेत होती तेव्हापासून माहीत. पण आरागिरणीतून पोतंभर बाभळीचा भुसा आणून त्यातून बॅटरी करायची म्हणजे जरा अतीच झालं, असं आम्ही शेजारी म्हणायचो.

बॅटरी लाकडाची नव्हती म्हणा, जस्ताची होती. अशी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की आतल्या जस्तावर सुयांसारखे काटे उगवतात आणि एक दिवस पलीकडे टोचून तिचा जीव घेतात. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन महेश्वरीनं भुशातून काढलं आणि त्याचा पातळ लेप जस्तावर दिला. काटे उगवेनात. कॉलेजातल्या यंत्रावर तिची बॅटरी उन्हाळ्यापासून भरत होती, रिकामी होत होती. दिवाळीपर्यंत न थांबता चालली की प्रबंध पुरा. न थांबता चालणं हीच तर परीक्षा होती. शिष्यवृत्तीही दिवाळीपर्यंतच होती.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे एकही माग चालत नाही. महेश्वरी घरी मागांना हळदकुंकू वाहत होती, आणि तिकडे प्रयोगशाळेतल्या सोमलिंग शिपायानं तेच केलं. यंत्र बंद करून पुसलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला.

“ताई, वर्साचा सण हाय. त्याला बी इसावा नको व्हय?” सुट्टीनंतर तो तिला म्हणाला. तिला रडूच कोसळलं. पण त्याला काय बोलणार? यंत्र चालू ठेवा, हे सांगून जायचं तिलाच सुचलं नव्हतं.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, यंत्र परत लाव आणि बंद पडण्याआधीचा नि नंतरचा असे दोन्ही आलेख जोडून टाक, कोण विचारतंय? खरं सांगतो, मी जोडले असते.

घरी चन्नप्पांनीही तेच सांगितलं. “धागा तुटला की आमी गाठ मारतो आन माग फुडं चालवतो. त्यात काय एवढं?”

“चादरीतली गाठ हाताला लागती, अप्पा. घेणाऱ्याला कळतं तरी. ही कुणालाच कळायची न्हाय.”

सकाळी तिनं नव्या जस्तावर लेप दिला आणि परीक्षा पहिल्यापासून लावली. दिवाळीत शिष्यवृत्ती संपली. बॅटरी अजून चालू आहे. महेश्वरी शिकवण्या घेऊन तिला चालवते.