वजीहाने पाजलेला घोट

सुवैदा शहरात मत्ते प्यावं तर वजीहाच्या हातचं. कडू पाल्यावर गरम पाणी, एकच पेला, एकच धातूची नळी. बायका गोल बसून पाळीपाळीने ओढणार आणि वजीहा भरभरून पुढच्या हातात देणार. बाई अगत्याची, पण तोंडाने फटकळ.

तिची नणंद इब्तिहाल विधवा होऊन भावाच्या घरी परतलेली. गाठ काढल्यावर तिच्या जबड्यात खड्डा पडला. दमास्कसच्या डॉक्टरांनी तिच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून तो भरला आणि बजावलं, "तीन आठवडे काहीही ओढून प्यायचं नाही. टाके उसवले, की तोंडातले जंतू थेट हाडात." हे वजीहाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी शेजारणी तब्येत विचारायला आल्या. पेला फिरत इब्तिहालपाशी आला, तशी तिने मान हलवली.

एकजण हसली, "काय गं, आमच्या तोंडची नळी चालत नाही वाटतं?"

चारचौघींत वजीहाला लाज वाटली. ती फणकारली, "पुरे झाले नखरे! एका घोटाने काही मरत नाहीस."

इब्तिहालने मुकाट्याने घोट ओढला.

नवव्या दिवशी गाल टम्म सुजला, टाक्यांतून पू यायला लागला. डॉक्टर म्हणाले, "बसवलेलं हाड काढावं लागणार. काही ओढलं होतंत का?"

वजीहा पुढे सरकली. आता सांगते, आता सांगते, म्हणेपर्यंत इब्तिहाल बोलून गेली, "सिगारेट ओढली. चोरून." डॉक्टरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. वजीहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिने तोंड उघडलं नाही.

बाहेर बाकावर तिने नणंदेचा हात धरला. "माझ्यासाठी खोटं बोललीस? एवढी माया करतेस माझ्यावर?"

इब्तिहालने हात सोडवून घेतला. तिला धड बोलता येत नव्हतं. "माया कसली, वहिनी. दादाला कळलं तर तुमचं भांडण पेटणार. मग तुला मी डोळ्यांसमोर नकोशी होणार. मी जाऊ कुठे?"

"मी सांगते तुझ्या दादाला. आत्ता सांगते."

"नको. तुझं मन हलकं होईल, पण राहायचं मला आहे, तुझ्या घरात."

तेवढ्यात नवरा डॉक्टरांना भेटून तावातावाने आला. "सिगारेट? काही लाज आहे का गं तुला?" तो बहिणीवर ओरडला. "आणि तुझं लक्ष कुठे होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"चुकलंच माझं," वजीहा म्हणाली. पुढचं तिने गिळलं.