पऱ्हाट्यांची वाट

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी मोताळ्याहून धाडजवळच्या एका गावात लग्न होऊन आले. सासरे भाजीपाला पिकवायचे. मिरची, कांदा, वांगी. त्यांना कंपवात होता. हात तर कापायचेच, पण खरा घोळ पायांचा. दाराशी आले की पाय भुईला चिकटायचे. अंग पुढं जायचं, पाय मागंच. मग आमचे हे पुढून हात ओढायचे, सासूबाई मागून लोटायच्या, आणि कितीदा तरी तिघंही दारात कोसळायची.

माझा स्वभाव मुळात तापट. त्यात मी एक पाहून ठेवलं होतं. हेच मामाजी, म्हणजे माझे सासरे, मळ्यात कांद्याचे वाफे ओलांडत भराभर जायचे. म्हणजे घरात नुसतं ढोंग, असा मी निकाल लावला आणि यांना तसं बोललेही. हे जेवण अर्धं टाकून उठून गेले.

एका दुपारी घरात मामाजी आणि मी दोघंच होतो. मी मागच्या अंगणात चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत होते, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या. आतून मामाजींनी कोणी हाये का म्हणून विचारलं. पदर पुढं ओढून मी पाहिलं. मागच्या दारापासून पाच-सहा पावलांवर ते अडकले होते. हातात टमरेल, त्यातलं पाणी थरथरून सांडत होतं. कुठं जायचंय ते सांगायची गरज नव्हती.

आमच्याकडं सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसे, समोर उभं राहून बोलायचंही नसे. शेजारचं कोणी बोलवावं तर तेवढा वेळ नव्हता. सुनेच्या देखत धोतर खराब होणार, या भीतीनं त्यांचे डोळे भरून आले होते. ढोंग करणाऱ्या माणसाचे डोळे असे नसतात. मला माझीच लाज वाटली.

आणि एकदम मळा आठवला. तिथं दर पावलाला काहीतरी ओलांडायला असतं. इथं नुसती सपाट सारवलेली भुई. हातातल्या बारीक काड्या मी त्यांच्या पायांपुढं आडव्या टाकत गेले, एकेक पाऊल सोडून, थेट दाराबाहेरपर्यंत.

"वाफे समजा, मामाजी," मी म्हटलं. त्यांच्याशी थेट बोललेलं हे माझं पहिलंच वाक्य.

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय उचलला आणि पहिली काडी ओलांडली. मग दुसरी. ते कुंपणामागं दिसेनासे झाले, तेव्हा मी पोटभर रडले. लग्न झाल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी खाटेपासून दारापर्यंत मांडून ठेवलेला तो कचरा पाहून सासूबाई माझ्यावर घसरल्या आणि काड्या गोळा करायला वाकल्या.

"हात नको लावू," मामाजी खाटेवरून म्हणाले. "त्या माह्या चालासाठी हायेत."

ते उठले. यांनी सवयीनं त्यांचा दंड धरला.

"सोड बे."

यांची पकड सुटेना. शेवटी पदराआडून मीच म्हटलं, सोडा. मामाजी काड्या ओलांडत दारातून बाहेर गेले, आणि बापाला सावरायची इतकी सवय झालेले आमचे हे रिकामे हात तसेच पुढं धरून बघत राहिले.