आठ रिकामे खळगे

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून चार दिवस गेलेल्या लॉण्ड्रीवाल्या ताई दुपारी घरी परतल्या, त्या नातवाचं कौतुक तोंडभर घेऊनच. ऐकणारा मात्र खाटेवर आडवा पडला होता.

हा त्यांचा धाकटा भाऊ, अप्पा. पूर्वी टपाल खात्यात पत्रं गावांप्रमाणे लावायचा. मग कानात भलतेच आवाज येऊ लागले, नोकरी गेली, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली. त्या गोळ्यांवर माणूस चांगला सावरला होता. चारही दिवस फोनवर ताईंचा एकच प्रश्न, "घेतलीस ना?" आणि त्याचं एकच उत्तर, "घेतली, घेतली."

"अप्पा, ऊठ रे!"

त्याचे डोळे अर्धवट उघडले. जीभ जड झालेली, मान एका बाजूला ताठ वळलेली, ती काही केल्या सरळ होईना. बसवायला गेल्या तर अंग गळून पडलं. छातीवर हात ठेवला, तर ठोके धावत होते.

"किती गोळ्या घेतल्यास?"

"राहिलेल्या... सगळ्या."

उशाशी गोळ्यांची पट्टी होती, आठ खळगे रिकामे. पठ्ठ्याने चार दिवसांची थकबाकी एका बैठकीत निकालात काढली होती. टपालात पाळी संपण्याआधी पिशवी रिकामी करायची असते, औषधाला तो हिशेब लागत नाही, हे त्याला कोण सांगणार?

शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या. काकूंचं वैद्यक सगळं ऐकीव, पण उत्साह दांडगा. "ओकू दे, सगळं बाहेर पडेल!"

पेला ओठांपर्यंत गेलाही होता. तेवढ्यात ताईंनी लावलेला रुग्णवाहिकेचा फोन लागला, पलीकडून आवाज आला, "ओकवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. कुशीवर झोपवा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. कधी घेतल्या?"

"सकाळी नऊला माझ्याशी धड बोलत होता," काकू म्हणाल्या. ताईंनी तेच सांगितलं, पट्टी पदरात बांधली आणि त्याच्या नाकापाशी हात धरून बसल्या. दोन श्वासांमधलं अंतर जरा वाढलं की त्यांचाच जीव जायचा. असं भय त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दवाखान्यात अप्पाच्या छातीला तारा लावल्या, मानेसाठी इंजेक्शन दिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या गोळ्यांनी हृदयाची लय बिघडू शकते. उद्यापर्यंत यंत्रावर ठेवू. आणि गोळी चुकली तर एकदम भरून काढायची नाही, आम्हाला विचारायचं."

संध्याकाळी त्याची मान सरळ झाली, डोळे नीट उघडले. ताई रडत त्याच्यावर ओणवल्या. "चुकल्या तर चुकल्या होत्या रे! मी काय मारणार होते तुला?"

अप्पाने नजर छताकडे वळवली.

"उरलेल्या दिसल्या असत्या, तर ओरडली असतीस. मला तुझी फार भीती वाटते, ताई."