मोठ्या अक्षरांचं ॲप

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. क्रिप्टो म्हणजे आभासी चलनावर चर्चा करायच्या आमच्या जुन्या ऑनलाइन फोरमवर माझ्यासारखे म्हातारेच उरले होते. एका तरुणाने फोरमसाठी फुकटात मोबाईल ॲप बनवलं आणि करंजाड्यातल्या चहाच्या टपरीवर मला दाखवायला आणलं. फोन शर्टाला पुसून त्याने माझ्या हातात दिला.

"काका, चष्मा काढून वाचा. जमतंय?"

जमत होतं.

"मग झालं. तुमच्यासाठीच अक्षरं मोठी ठेवलीत."

घरी येऊन मी फोरमवर लिहिलं, 'हे ॲप पासवर्ड चोरतं.' तपासलं काहीच नव्हतं. नव्या माणसाला आधी चोर ठरवायचं, हीच आमची हुशारी. सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्याने ॲप काढून टाकलं आणि मला एवढंच लिहिलं, 'काका, मला विचारायचं तरी.'

'चुकलो' असं मी कितीदा लिहिलं आणि खोडलं. पाठवायचा धीर झाला, तोवर त्याने खातंच बंद केलं होतं.