दांडा मधोमध होता

कानिफनाथ पाथर्डीकडचा. लष्करात गाडी चालवायचा. पासष्टच्या लढाईत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याला लाकडी पाय बसवून गावी परतला तेव्हा त्याला ठाऊक होतं, आता आपल्या हाती कुणी गाडी देणार नाही. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, आणि लाकडाला पेडल कळत नाही.

नागापूरच्या पलीकडे क्षयरोग्यांचा एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या बागेसाठी कुण्या परदेशी देणगीदाराने एक लहानसा ट्रॅक्टर पाठवला होता. बैलापेक्षाही बुटका. त्याला क्लच नव्हता की गिअर नव्हते. तेलाच्या दाबावर चाकं फिरायची आणि सगळा कारभार स्टिअरिंगजवळच्या एका दांड्यावर. पुढे ढकलला की पुढे, ओढला की मागे, मधोमध आणला की उभा. हे कानावर आलं तसा कानिफनाथ तिथे गेला, व्यवस्थापक मार्तंडरावांसमोर ट्रॅक्टर चालवून दाखवला आणि पुन्हा ड्रायव्हर झाला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बागेतली विहीर आटली. कानिफनाथ लांबच्या विहिरीवरून ट्रॉलीत टाकी भरून आणायचा. आधी स्वयंपाकघर, उरलं तर डाळिंबं.

एका दुपारी त्याने स्वयंपाकघरासमोर दांडा मधोमध आणला, इंजिन चालूच ठेवलं आणि टाकीची तोटी उघडायला मागे गेला. ट्रॅक्टर हळूच पुढे सरकू लागला. समोर स्वयंपाकीण दगडाबाई पाठमोरी हंडे मांडत होती. कानिफनाथ ओरडला, पण त्याला धावता येईना. ती वळली आणि बाजूला कोसळली. हंडा चाकाखाली चेपला, ट्रॅक्टर भिंतीला टेकून गुरगुरत राहिला. तिचं मनगट मुरगळलं, एवढ्यावरच निभावलं.

"दांडा मधी हुता, मावशी. देवाशपथ."

"दांडा आसंल मधी," दगडाबाई मनगट धरून म्हणाली, "गाडी न्हवती ना, नाथा!"

मार्तंडराव म्हणाले, "विकून टाकू. माणूस गेलं असतं आज."

कानिफनाथने वाद घातला नाही. "दुरुस्त झाल्याबिगर मी त्याच्यावर बसनार न्हाई," एवढंच बोलला. मार्तंडरावांनी विकणं तेवढ्यापुरतं लांबवलं.

दांडा सैल झाला असेल म्हणून त्याने आधी त्याचा नट आवळला. दांडा जड झाला, पण सरकणं तसंच. मग तो ट्रॅक्टरखाली आडवा झाला आणि मार्तंडरावांना वरून दांडा हळूहळू हलवायला सांगितलं. वर दांडा बोटभर हलला तरी तेलाच्या पंपाकडे जाणारी सळई जागची हलेना. जोडावरच्या पिना झिजून बारीक झाल्या होत्या, त्यांची भोकं लांबट झाली होती आणि पंपाजवळच्या पट्टीची खाच झिजून रुंदावली होती. इतकी वर्षं तो दांड्यावर विसंबून होता, आणि खाली मात्र कणाकणाने अंतर पडत गेलं होतं.

सुटे भाग पिशवीत घालून तो नागापुरात बन्सीच्या लेथवर गेला.

"ह्याचे पार्ट कुठं मिळायचे?" बन्सी म्हणाला.

"नवं नको. झिजलंय तेवढं भरून दे."

बन्सीने भोकं गोल करून त्यांत बुश, म्हणजे धातूची बारीक कडी, बसवले, कडक पोलादाच्या पिना कातल्या, खाच वेल्डिंगने भरली. कानस कानिफनाथनेच चालवली.

जोडणी झाल्यावर त्याने पुढच्या चाकांना दगड लावले, मागची चाकं जॅकवर अधांतरी उचलली आणि टायरवर खडूची रेघ ओढली. इंजिन सुरू केलं, दांडा मधोमध आणला. रेघ सावकाश फिरू लागली. इंजिन बंद करून त्याने सळई एका आट्याने आखडली, पुन्हा पाहिलं. दांडा पुढून मधे आणला तर रेघ थांबायची, मागून आणला तर फिरायची. अर्धा आटा परत. शेवटी दोन्ही बाजूंनी रेघ जागच्या जागी उभी राहिली. तरी तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई ट्रॅक्टरच्या वाऱ्यालाही उभी राहीना. कानिफनाथने ट्रॅक्टर मोकळ्या मैदानात नेला.

"मावशी, तुमीच बसा. दांडा तुमीच आना मधी."

नाही नाही म्हणत ती पदर खोचून चढली. थोडं पुढे गेली, दांडा मधोमध आणला. ट्रॅक्टर उभा राहिला. ती वाकून चाकाकडे बघत राहिली.

"आता उतरू का?"

"आधी इंजिन बंद करा," तो म्हणाला. "मीबी आता तसंच करनार हाय."

पाऊस झाला तोवर निम्मी डाळिंबं वाळली होती. ट्रॅक्टर आणखी काही वर्षं चालला. मग पंपच बसला आणि बन्सीनेही हात टेकले. कानिफनाथ मात्र त्याच बागेत राहिला, झाडांना पाणी देत.