सावडीतला माझा दिवस

मी कासार आंबोली सोडली, त्या दिवशी सखूआत्याकडे भाताची आवणी होती. आदल्या दिवशी आमच्या खाचरात दहा घरांची माणसं वाकून भात लावून गेली होती. सावडीची रीतच ती. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे, आणि खाडा कुणाचाच नाही. मी मात्र नवी सुटकेस घेऊन जर्मनीला निघालो होतो. दादा, म्हणजे आमचे वडील, आत्याच्या चिखलातून मान वर न करता म्हणाले, "जातुयास तर जा. पर लोकांचं हात घिऊन चाललायस, ध्येनात ठिव."

अडाणी माणूस, मी मनात म्हटलं. विमान चुकलं तर सावड येणार आहे का सोडायला?

इथे ऑफिसात लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर भिंतभर कंपनीची मूल्यं लिहिलेली आहेत. विश्वास, टीमवर्क, ओनरशिप. वर्षातून दोनदा जंगलात ऑफसाइट. तिथे डोळे मिटून सहकाऱ्याच्या हातांत मागे पडायचं, म्हणजे विश्वास वाढतो म्हणे. एकदा आपापल्या संस्कृतीचं तत्त्वज्ञान सांगायचं ठरलं. मी सावड सांगितली. बांधावरच्या म्हसोबाला आधी घास ठेवतात, मग माणसं जेवतात, हेही सांगितलं. स्लाइडवर चिखलातले दादा होते. नैवेद्य दाखवावा तसा मी बाप दाखवला आणि टाळ्या घेतल्या. पंधरा दिवसांत कंपनीने त्याच टीममधल्या तिघांना व्हिडिओ कॉलवर कायमचं घरी पाठवलं. मी कॅमेरा बंद करून ऐकत बसलो. भिंतीवरचा विश्वास दुसऱ्या दिवशीही तिथेच होता, पुसून लख्ख.

गावात मागे राहिलेल्यांनो, तुम्ही हसू नका. देवळापुढच्या तुमच्या फ्लेक्सवर 'एकी हेच बळ' लिहिलंय आणि खाली जमिनीच्या एजंटचे जोडलेले हात आहेत. त्याच हातांतून सावडीतल्या सहा घरांची खाचरं बंगलेवाल्यांना गेली. आता तिथल्या लॉनवर शनिवार-रविवारी योगा चालतो. चार घरं उरली.

यंदा आवणीच्या वेळी रजा टाकून आलो. पँट दुमडून सखूआत्याच्या बांधावर गेलो. "आत्ये, माझा एक दिवस राहिलाय तुझ्याकडे. आज देतो." फोटोसाठी फोन तयार होता, खोटं कशाला बोलू?

आत्या हातातली रोपं न ठेवता म्हणाली, "तुजा दिस? त्यो तुज्या बानं त्याच साली दिला की. आवणीला सवताचा, आन तण काढाया तुजा. धाच्या धा घरी."

"मला बोलले नाहीत कधी."

"बोलायचं काय त्यात? सावड हाय ती."

दादा पलीकडच्या टोकाला वाकलेले होते. त्यांनी तेव्हाही मान वर केली नव्हती, आजही केली नाही. त्या वर्षी ते दहा दिवस जास्त वाकले होते, आणि मी त्यांना मनात अडाणी म्हणालो होतो. लाज वाटली. फोन खिशात घातला आणि चिखलात उतरलो.

"लाव की, हौस आसंल तर," आत्या म्हणाली. "पर सावडीत न्हाई धरायचं तुला. तुजं कुणाकडं काय ऱ्हायलं न्हाई आता."

माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, घर म्हणजे काय, ते मला त्या चिखलात कळलं. जिथे आपल्यावर कुणाचा तरी हक्क असतो, ते घर. जिथे माझ्यावर आता कुणाचाच हक्क नाही, ते नुसतं गाव.