जपानी व्हॅन, अडलेली सीट आणि दिवेआगर

पनवेल ते दिवेआगर हा सरळ चालवली तर चार-साडेचार तासांचा रस्ता आहे. आम्हाला अख्खा दिवस लागला. तुम्ही साध्या, इथेच बनलेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात पार्ट मिळतील अशा गाडीने जाणार असाल तर निर्धास्त जा आणि हे फक्त रस्त्याच्या आणि जेवणाच्या माहितीसाठी वाचा. ज्यांच्या घरात परदेशी गाडीची हौस असलेला नवरा आहे त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं.

आमची गाडी जपानमध्ये बनली, केनियात वापरली गेली, आणि नितीनचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, जुने साहेब कायमचे भारतात परतले तेव्हा घरसामानाबरोबर न्हावाशेवा बंदरात उतरली. सात माणसांची पांढरी व्हॅन. साहेबांच्या आई गेल्या आणि गाडी नितीनच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली हे माझं म्हणणं. त्याच्या मते ती "नशिबाने मिळाली". ती घेण्याचं कारण एकच, तिची डावीकडची मधली सीट. बटण दाबलं की ही सीट दरवाज्याकडे वळते, बाहेर सरकते आणि माणसासकट अलगद खाली उतरते. वयस्कर माणसांसाठी जपानी लोकांनी केलेली सोय.

आमच्या घरातलं वयस्कर माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकरवर घरात फिरतात, पण गाडीत चढणं-उतरणं जमत नाही. मागे एका लग्नात चौघा पाहुण्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून हॉलच्या पायऱ्या चढवल्या. साडी गुडघ्यापर्यंत वर गेली, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं आणि ते घरच्या ग्रुपवर फिरलं. त्या दिवसापासून आईंनी उंबरा ओलांडला नाही. "मला परत कुणी उचलायचं नाही. मी काय सिमेंटची गोणी आहे?" असं एकदा म्हणाल्या आणि विषय संपला. त्यांची मोठी बहीण, माईमावशी, दिवेआगरला असते. तिच्यानेही आता चालवत नाही. रोज सकाळी दोघींचा फोन, आणि फोनच्या शेवटी माईचं ठरलेलं वाक्य: "ये गं एकदा, डोळ्यांनी बघू दे." आई फोन ठेवून द्यायच्या. म्हणून ही गाडी.

आता गाडी पोसण्याबद्दल. हत्ती पाळलेला परवडला, तो निदान गवत खातो. हिचा एअर फिल्टर मिळत नाही, ब्रेक पॅड दुसऱ्याच गाडीचे घासून बसवावे लागतात, टायरच्या मापाचं नाव काढलं की दुकानदार आधी हसतो. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागे सलीमभाईंचं गॅरेज आहे, तिथे आमचे बहुतेक रविवार गेले. गाडी मुळात इतकी बुटकी की आमच्या सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासायची. म्हणून नितीनने जाड स्प्रिंगा टाकून ती चार बोटं उंच करून घेतली. उंच केल्यावर सीट खाली आली तरी आईंचे पाय अधांतरी! मग त्यावर उपाय म्हणून पायाखाली पाट. देवघरातला, जुना, सागवानी. जपानी तंत्रज्ञान आणि खाली आमचा पाट.

"भाभी, गाडी एक नंबर झाली, इन्शाअल्ला गोव्यापर्यंत जाईल," सलीमभाई म्हणाले.

"आम्हाला दिवेआगरपर्यंतच जायचंय," मी म्हटलं.

गाडीत एक बाईही आहे. चावी फिरवली की ती जपानीत काहीतरी गोड बोलते. काय बोलते ते आम्हाला आजवर कळलेलं नाही आणि तिला गप्प कसं करायचं तेही नाही. माझा या सगळ्यात हातभार एवढाच की जुन्या साड्यांचे पडदे शिवून मी मागच्या खिडक्यांना लावले आणि एक आईंच्या सीटभोवती. नितीन म्हणाला, "गाडीचा पार तंबू केलास." हे वाक्य लक्षात ठेवा.

निघालो ते मुद्दाम मधल्या वारी, कारण शनिवारी पळस्पे फाट्यावर जो अडकला तो अडकला. सकाळी इमारतीतल्या सगळ्या बायका खाली. आई किती दिवसांनी बाहेर पडतायत हे सगळ्यांना माहीत होतं. नितीनने बटण दाबलं, सीट डौलात बाहेर आली, आई पाटावर पाय टेकून बसल्या. मी गाडीला हळदकुंकू लावलं, नितीनने नारळ फोडून पाणी गाडीवर आणि उघड्या दारात शिंपडलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "अगं, नवरीच दिसतेय आमची!" आणि ताटातल्या अक्षता आईंवर टाकल्या. मग काय, सगळ्यांनीच टाकल्या. ओंजळी भरभरून. आई लाजल्या. मी त्यांना इतक्या दिवसांत लाजताना पाहिलं नव्हतं. सीट आत गेली, जाताना थोडी करकरली.

"आवाज आला," मी म्हटलं.

"जपानी आहे ती, आवाज करत नाही," नितीन.

कर्नाळ्यापर्यंत रस्ता छान. पुढे पेणपर्यंत कुठे गुळगुळीत, कुठे वळसे, एकेका पुलाखाली अजून खडी पडलेली. वडखळला चहासाठी थांबलो. बटाटेवडा इथे खावा, पण गरम असेल तरच, नाहीतर नुसतं पिठाचं टरफल. नितीनने बटण दाबलं. सीट तसूभर हलली, थबकली, आणि परत जागेवर गेली. गाडीतली बाई काहीतरी बोलली. परत बटण, परत तसूभर, परत बाई. हाताने फिरवायचा दांडा असतो म्हणे, पण तो जपान आणि केनिया यांच्यामध्ये कुठेतरी राहिला.

सलीमभाईंना फोन लावला. ते म्हणाले बॅटरी. नितीन म्हणाला फ्यूज. हॉटेलच्या काउंटरवरचे काका बाहेर येऊन, गाडीकडे नीट बघून म्हणाले, "नजर लागली." मी म्हटलं आपण दोघं मिळून आईंना उतरवू. आई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "हात लावायचा नाही." चहा गाडीतच दिला, त्यांनी तो घेतला नाही, पाणीसुद्धा नाही. का नाही, हे बायकांना सांगायला नको. शेवटी मी पडदे ओढले, नितीनला टपरीच्या पलीकडे पिटाळलं आणि बरोबर आणलेल्या भांड्यावर निभावून नेलं. तंबू म्हणणारा माणूस त्यानंतर पडद्यांबद्दल एक अक्षर बोललेला नाही.

माणगावला एक इलेक्ट्रिशियन सापडला. त्याने सगळे फ्यूज काढले, बॅटरी सोडली, जोडली, पुन्हा सोडली. दोन तास आम्ही उन्हात. सीट होती तिथेच. फरक एकच पडला, आता वायपर लावले की ती बाई बोलते. पाचशे रुपये देऊन निघालो. माणगावहून उजवीकडे वळून म्हसळा, तिथून बोर्ली पंचतन. झाडी दाट, वळणं पुष्कळ, पेट्रोल मात्र माणगावलाच भरून घ्या. या रस्त्याचं कौतुक करायला माझ्याकडे त्या दिवशी जीव नव्हता. नितीन मोबाइलवर जपानी मॅन्युअलचं भाषांतर करून मोठ्याने वाचत होता, गाडी मी चालवत होते. "'आसन कृपया त्याच्या इच्छेविरुद्ध ढकलू नये,'" त्याने वाचलं. मागून आई म्हणाल्या, "शहाणं आहे आसन."

ऊन कलताना पोचलो. माईमावशीचं घर सुपारीच्या वाडीत आत. तिथे जायला दगडी पाखाडी आहे, एका वेळी दोन माणसं आणि फार तर एक कुत्रं जाईल एवढी. गाडी रस्त्यावरच थांबवावी लागली. नितीनने शेवटचं म्हणून बटण दाबलं. तसूभर. बाई.

"आई, पन्नास पावलांवर माईमावशी आहे," नितीन म्हणाला. "मी आणि वाडीतला दत्तू, आम्ही दोघं तुला..."

"नाही."

"अगं, इथे कोण बघतंय?"

आईंनी बाहेर पाहिलं. रस्त्यावर चार पोरं, दोन बायका, एक म्हैस, सगळे बघत होते. "गाडी फिरव," त्या म्हणाल्या. "तिला फोनवर सांगते."

मी त्यांना काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच की स्प्रिंगा, पाट, रविवार, फिल्टर सगळं काढलं, आणि बोलता बोलता मला रागाने रडूच फुटलं. बहिणीच्या दारातून परत जायचं? आईंनी मान दुसरीकडे वळवली. त्यांचेही डोळे भरले होते. नितीन स्टिअरिंगवर जाऊन बसला आणि त्याने खरंच चावी फिरवली.

तेवढ्यात पाखाडीतून आरडाओरडा ऐकू आला.

"अरे हळू! डावीकडं फांदी हाय!"

"माई, पाय वर घ्या, आमी हाव ना!"

सुपाऱ्या काढणारा दत्तू आणि त्याचे तीन साथीदार पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची खांद्याला लावून येत होते, आणि खुर्चीत माईमावशी. वाळकी, एवढीशी, डोक्याला स्कार्फ, एका हाताने खुर्ची धरलेली आणि दुसऱ्याने वाट दाखवत होती. एका वळणावर खुर्ची कलली तर ती खो खो हसली. चौघांनी तिला गाडीच्या उघड्या दाराशी आणून ठेवलं. आता आई वर, माई खाली.

"काय गं कुसुम," माई मान वर करून म्हणाली, "अंबारीत बसून राहणार आहेस होय?"

आईंनी नुसता हात खाली केला. माईने तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ दाबून धरला.

"गाडी बिघडलीय," आई शेवटी म्हणाल्या.

"मग बिघडू दे. मी देवळात अशीच जाते, मतदानाला अशीच गेले. हे मेले मला नेता नेता शिव्या घालतात आणि परत आणून चहा पितात." दत्तू हसला. "उचलायला चौघं जमतायत अजून. लाजतेस कसली? पुढे उचलतील तेव्हा आपल्याला थोडंच कळणार आहे!"

"माई, शुभ बोल," आई म्हणाल्या, पण हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी साडीच्या निऱ्यांकडे पाहिलं, रस्त्यावरच्या लोकांकडे पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. अगदी हळू विचारलं, "तुझ्याकडे पिना आहेत का?"

होत्या. माझ्या पर्समध्ये नेहमी असतात. मी पडदा ओढला आणि साडी घोट्यापाशी दोन्ही बाजूंनी, मग पदर खांद्यावर आणि कमरेला, अशी जिथे सुटेल तिथे टाचून टाकली. इतक्या साध्या गोष्टीसाठी आम्ही जपानी गाडी पोसली होती. दत्तूने आणखी एक खुर्ची आणि वाडीतली आणखी चार माणसं आणली आणि आईंना सीटवरून उचलून तीत बसवलं. दोन खुर्च्या एकामागोमाग पाखाडीतून निघाल्या, पुढे माई, मागे आई, आणि आई ओरडत होत्या, "अरे, हळू रे बाबांनो, मी तिच्यापेक्षा जड आहे!" मागून मी पाट घेऊन.

पुढचे दोन दिवस दोघी पडवीत बसून होत्या आणि आमचं कुणाला काम नव्हतं, म्हणून आम्ही दिवेआगर पाहिलं. किनारा लांबच लांब, सुरूची झाडं, सकाळी गर्दी नाही. घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मोदक मिळत नाहीत. शाकाहारी ताट दोनशेच्या आसपास, बिरडं आणि सोलकढी हवी तेवढी. खोली आम्हाला दीड हजारात मिळाली, गरम पाण्यासाठी मात्र ओरडावं लागतं. दुसऱ्या संध्याकाळी दत्तूच्या मंडळींनी दोन्ही खुर्च्या थेट वाळूत नेऊन ठेवल्या. लाटेचं पाणी पायाला लागल्यावर आई किंचाळल्या. नितीनने फोटो काढला, आणि आईंनी तो स्वतः घरच्या ग्रुपवर टाकायला सांगितला.

परतीच्या वाटेवर माणगावला मिसळ खाल्ली. आईंनीही खाल्ली, टेबलाशी बसून. त्यांना उतरवायला माईने दिलेली खुर्ची आणि हॉटेलचे दोन वेटर. कसं धरायचं ते त्याच सांगत होत्या.

घरी आल्यावर गाडीभर वाळू. बाटली धुवायच्या लांब ब्रशने मी सीटखालची पट्टी घासत होते तर ब्रशला काहीतरी चिकट लागलं. ओढलं तर पिवळा भात! आईंवर टाकलेल्या सगळ्या अक्षता सीटबरोबर आत गेल्या होत्या, नारळाच्या पाण्यात भिजून फुगल्या होत्या आणि सीट जिथून सरकते त्या खाचेत ठासून बसल्या होत्या. बॅटरी नाही, फ्यूज नाही, नजरही नाही. अख्ख्या सोसायटीचा आशीर्वाद. मी तो ओंजळभर काढून तुळशीत टाकला आणि बटण दाबलं. सीट डौलात बाहेर आली. बाई काहीतरी गोड बोलली. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

तुम्ही अशी गाडी घ्यावी का? माझं उत्तर नाही असंच आहे. पण आमची आता राहणार, कारण पुढच्या महिन्यात आईंना पुन्हा दिवेआगरला जायचंय. परवा नितीन डिकी आवरत होता. माईने सोबत दिलेली प्लॅस्टिकची खुर्ची त्याने बाहेर काढली. "सीट चालू झालीय, आता ही कशाला?"

"राहू दे तिथेच," आई गॅलरीतून म्हणाल्या. "ती सीट मला फक्त रस्त्यापर्यंत सोडते."

खुर्ची परत डिकीत गेली. मी पुढच्या कप्प्यात पिनांचं एक पाकीट टाकून ठेवलंय.